हलका ब्राउझर, पण कोणासाठी?

माझ्या अम्मीचे शिवणयंत्र माझ्याहून वयाने मोठे आहे. पट्टा दोनदा बदलला, तेल वेळच्या वेळी घातले, एवढीच त्याची चाकरी. आजही ते कुर्ता शिवते, उशीच्या अभ्र्याला टीप मारते. त्याला कोणी ‘आउटडेटेड’ म्हणत नाही, कारण कापड तेच राहिले आहे. पंधरा वर्षांपूर्वीचा कॉम्प्युटर मात्र सगळ्यांच्या मते भंगार. खरे तर खोक्यातून बाहेर आला त्या दिवशी तो जितक्या वेगाने बेरीज करत होता, तितक्याच वेगाने आजही करतो. बदलले आहे ते त्याच्यापुढे ठेवलेले कापड. आपण मलमलीऐवजी ताडपत्री शिवायला देतो आणि सुई मोडली की यंत्राला शिव्या घालतो.

हा विषय मी हौस म्हणून काढलेला नाही. कोकणातल्या एका तालुक्याच्या गावात मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी आणि उर्दू शिकवते. शाळेच्या कॉम्प्युटर खोलीत अकरा मशिने आहेत. आठ डेस्कटॉप, २०११ च्या सुमाराचे, ड्युअल कोअर प्रोसेसर आणि दोन जीबी रॅमचे. तीन लॅपटॉप आखातातल्या भाऊबंदांनी पाठवलेले. त्यांच्या कीबोर्डवर अरबी अक्षरे आहेत, आणि त्यातला एक ३२-बिटचा, म्हणजे आजोबाच. गेल्या वर्षी संस्थेच्या बैठकीत ठराव आला की ही सगळी मशिने किलोवर विकून टाकावीत आणि नव्या ‘स्मार्ट लॅब’साठी चंदा गोळा करावा. ठराव मांडणारे चाचा माझ्या आदराचे आहेत, त्यांची नियत साफ आहे. पण चंदा येणार कोणाकडून? ज्यांच्या मुली आमच्याकडे शिकतात त्यांच्याकडूनच. मासळी विकणाऱ्या बायका, रिक्षावाले, मस्कतला दुसऱ्याची गाडी चालवून घरी पैसे पाठवणारे बाप. आणि या चंद्याची गरज दाखवणारा पुरावा बैठकीत एकच मांडला गेला: ‘यावर क्रोम उघडत नाही.’

एक प्रोग्राम उघडत नाही म्हणून अकरा यंत्रांचा जनाजा!

त्यांच्या म्हणण्यात जे खरे आहे ते आधी मान्य करते. त्या मशिनांवर विंडोज ७ होते, आणि विंडोज ७ ला मिळणारी सुरक्षेची डागडुजी १४ जानेवारी २०२० ला थांबली. गुगलने क्रोमची १०९ ही आवृत्ती विंडोज ७ आणि ८.१ साठी शेवटची ठरवली. फेब्रुवारी २०२३ पासूनच्या पुढच्या आवृत्त्या तिथे चालतच नाहीत. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चाही नंबर लागला. विंडोज ११ म्हणते की टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय हवी आणि इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. ती आठवी पिढी बाजारात आली २०१७ मध्ये. म्हणजे त्याआधीचे बहुतेक सगळे चालते-बोलते कॉम्प्युटर एका तारखेला कागदोपत्री बाद झाले. मुलगी तीच, अभ्यास तोच, परीक्षकाने अभ्यासक्रम बदलला आणि तिला नापास केले. मास्तरकी करणाऱ्यांना यातला अन्याय वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

विंडोज काढून लिनक्स टाकता येते, फुकट टाकता येते, आणि ते आम्ही टाकले. तो भाग सोपा आहे, त्यावर मी इथे वेळ घालवत नाही. खरा गुंता त्यानंतर सुरू होतो. ब्राउझर कोणता? कारण आज कॉम्प्युटर म्हणजे ब्राउझर. अर्ज, निकाल, शासन निर्णय, वर्तमानपत्र, शब्दकोश, व्हिडिओ, सगळे त्या एकाच खिडकीतून येते. आणि हा प्रश्न इंटरनेटला विचारला की ‘जुन्या पीसीसाठी सर्वांत हलके दहा ब्राउझर’ अशा याद्या पुढ्यात येतात. माझा राग मुख्यतः या याद्यांवर आहे.

या याद्या एकाच काट्यावर मोजतात: उघडल्याबरोबर ब्राउझर रॅम किती खातो. त्या काट्यावर डिल्लोसारखा ब्राउझर नेहमी वर असतो. डिल्लोबद्दल मला आदर आहे. १९९९ पासूनचे काम, मध्ये नऊ वर्षे नवी आवृत्ती नव्हती, मग २०२४ मध्ये काही हौशी माणसांनी ते पुन्हा उभे केले. उघडतो क्षणात, जागा घेतो नखाएवढी. पण त्यात जावास्क्रिप्ट नाही, आणि उजवीकडून डावीकडे चालणाऱ्या लिपीची सोय नाही. आमच्या मशीनवर त्यात उर्दूचे पान उघडले तेव्हा ओळ भलत्या टोकाकडून सुरू झाली. मराठीचे पान उघडले तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी न बसता मागे जाऊन बसली आणि जोडाक्षरे पाय मोडून पडली. ‘शिक्षिका’ हा शब्द त्या पडद्यावरून न अडखळता वाचून दाखवणाऱ्या मुलीला मी दहापैकी दहा द्यायला तयार होते. कोणी मिळाली नाही.

यादी करणाऱ्याला हे दिसत नाही, कारण तो इंग्रजी पान उघडून बघतो. इंग्रजीची अक्षरे सुटी उभी राहतात, एकमेकांच्या अंगाला अंग लावत नाहीत. त्यामुळे अक्षरे जुळवणारा कारागीर ब्राउझरमधून काढून टाकला तरी इंग्रजी वाचणाऱ्याचे काही बिघडत नाही. उलट ब्राउझर हलका होतो आणि टाळ्या पडतात. आपल्याकडे मात्र तो कारागीर काढला की भाषाच उरत नाही.

त्या कारागिराचे नाव सांगते, कारण उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणाऱ्या माझ्यासारखीला ते कळले तेव्हा फार आनंद झाला होता. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिब्रेऑफिस या सगळ्यांच्या पोटात हार्फबझ नावाचा एक छोटा प्रोग्राम काम करतो. नाव फारसी आहे. ‘हर्फ’ म्हणजे अक्षर, ‘बाज़’ म्हणजे खुला; ‘ओपनटाइप’ या फॉन्टच्या तंत्राचे ते फारसी रूपांतर. इराणमध्ये जन्मलेल्या बेहदाद इस्फहबोद या प्रोग्रामरने ते काम वाढवले. हर्फ उर्दूत तर आहेच, मराठीतही आपण ‘त्याने एक हरफ काढला नाही’ म्हणतो. देवनागरीची वेलांटी जागेवर बसवणारा आणि उर्दूच्या अक्षरांचे हात एकमेकांच्या हातात देणारा हा एकच कारागीर आहे, आणि त्याच्या नावातला शब्द दोन्ही भाषांच्या घरातला आहे. त्याला ‘अनावश्यक बोजा’ म्हणून वगळणाऱ्या यादीला मी माझ्या शाळेत का जागा द्यावी?

नस्तालीकचे तर आणखी वेगळे. नस्ख लिपी सरळ रेषेवर चालते. नस्तालीक उतारावरून खाली येते. एका हर्फाचा आकार, त्याची उंची, त्याचा नुक्ता कुठे पडणार, हे पुढच्या हर्फांवर ठरते. ते सौंदर्य कॉम्प्युटरला फुकट मिळत नाही, प्रत्येक ओळीमागे हिशेब करावा लागतो. जुन्या मशीनवर नस्तालीकचे लांब पान सरकवताना जो हिसका बसतो तो त्याचा. यावर उपाय आहे, पुढे सांगते.

आता दुसरी कसोटी. आमच्या मुली नेट कशासाठी उघडतात? शिष्यवृत्तीचा अर्ज, अकरावीचा प्रवेश, निकाल, दाखल्यासाठी अर्ज. वाचन त्यानंतर. नेटसर्फ हा आणखी एक छोटा ब्राउझर याद्यांत असतो, स्वतःच्या बळावर बनवलेला, कोणाची उसनवारी नाही. पण त्याचे जावास्क्रिप्ट तोकडे आहे. अर्जाच्या पानावर जिल्हा निवडला की तालुक्यांची यादी खुलायला हवी, ती खुलत नाही. कॅप्चाचे चित्र येत नाही. ज्यांच्या घरी दुसरा चांगला लॅपटॉप आहे त्यांच्यासाठी नेटसर्फ हा छान छंद आहे. ज्या मुलीसाठी शाळेचे मशीन हेच एकमेव मशीन आहे, तिच्यापुढे अर्ज न भरणारा ब्राउझर ठेवणे म्हणजे भुकेल्यापुढे मेनूकार्ड ठेवणे.

आणि शेवटच्या तारखेला काय होते ते कोणत्याही शिक्षकाला विचारा. चौथ्या पानावर उत्पन्नाचा दाखला चढवताना मशीनची रॅम संपते, पान पांढरे पडते, आधीची तीन पाने पुसली जातात. मुलगी पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करते. बाहेर बाकावर तिची अम्मी बसलेली असते, आजची मजुरी बुडवून. हा प्रश्न माझ्यासाठी एवढ्यापुरता आहे आणि एवढा मोठा आहे. कोणाचा ब्राउझर किती एमबीचा ही फुशारकी मला नको.

‘हलके’ या शब्दाने आपल्या समाजाला आधीही फसवले आहे. यूसी ब्राउझर आठवतो? एके काळी भारतात मोबाइलवर सर्वांत जास्त चालणारा ब्राउझर होता तो. स्वस्त फोन, टूजी नेट, आणि पान झटकन उघडते, बस. २०१५ मध्ये टोरांटो विद्यापीठातल्या सिटिझन लॅबने दाखवून दिले की हा ब्राउझर वापरणाऱ्याची आणि त्याच्या फोनची ओळख पटवणारी माहिती नीट कुलूप न लावता बाहेर पाठवतो. सरकारने जून २०२० मध्ये बंद केलेल्या ५९ चिनी ॲपमध्ये तो होता. बंदीची कारणे सरकारची वेगळी होती, पण माझा मुद्दा त्याआधीचा आहे: गरिबाला हलकेपणा विकला आणि किंमत त्याच्या खासगीपणातून वसूल केली. ऑपेरा मिनीची गोष्ट तितकी वाईट नाही. तो पान आधी स्वतःच्या सर्व्हरवर उघडतो, पिळून लहान करतो आणि मग तुमच्याकडे पाठवतो. नोकियाच्या जमान्यात त्याने आपल्याला नेट दाखवले, हे उपकार मी विसरत नाही. पण पिळण्याची ती पद्धत चालू असते तेव्हा तुमचे पान मधला माणूस हाताळत असतो. बातमी वाचायला ठीक. बँकेचा पासवर्ड मी त्या वाटेने पाठवणार नाही.

तिसरा सल्ला दुकानातून मिळतो: ‘क्रोमचीच जुनी आवृत्ती ठेवा, काय फरक पडतो?’ पडतो. ब्राउझर हे घराचे ते दार आहे जिथून रोज शंभर अनोळखी माणसे आत येतात. त्याच्या कड्या-कोयंडे सुधारणे ज्या दिवशी थांबते, त्या दिवसापासून सापडलेली प्रत्येक फट कायमची उघडी राहते. ज्या मशीनवर मुलींचे आधार क्रमांक आणि बापांची खाती टाइप होतात, तिथे हे चालवून घेणे हा गुन्हा आहे, कायद्यात लिहिलेला नसला तरी.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. आजचे मोठे ब्राउझर रॅम खातात ते निव्वळ आळसापोटी नाही. जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरमधला स्पेक्टर नावाचा दोष जगापुढे आला. एका पानाने दुसऱ्या पानाची गुपिते डोकावून बघावीत असा तो दोष होता. त्यानंतर क्रोमने त्याच वर्षी प्रत्येक संकेतस्थळाला वेगळी खोली द्यायला सुरुवात केली, फायरफॉक्सने २०२१ मध्ये. खोल्या वाढल्या की भिंती वाढतात, आणि भिंतींना जागा लागते. पेल मून नावाचा ब्राउझर अजून सगळ्यांना एकाच हॉलमध्ये बसवतो, म्हणून तो कमी खातो. याद्या सांगतात ‘बघा किती हलका’. भिंती पाडल्या आहेत हे सांगत नाहीत. तेव्हा ब्राउझरने खाल्लेल्या रॅमचा काही भाग ही पहारेकऱ्याची मजुरी आहे आणि ती मी देईन. माझी तक्रार दुसऱ्या भागाबद्दल आहे.

तो दुसरा भाग म्हणजे पाने.

जरा हिशेब करू. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइट घेते, उर्दूचे दोन, इंग्रजीचे एक. म्हणजे मराठी सर्वांत महाग. तरीही पाचशे शब्दांची मराठी बातमी साधारण दहा किलोबाइटमध्ये मावते. तुम्ही आता वाचत आहात तो हा अख्खा लेख पन्नास किलोबाइटच्या आसपास भरेल. आता दुसरी बाजू. जगभरची पाने मोजणाऱ्या एचटीटीपी आर्काइव्हच्या मोजणीत कॉम्प्युटरवर उघडणारे मधले पान २०१० च्या शेवटी सुमारे ४७० किलोबाइटचे होते. २०२४ मध्ये ते २६०० किलोबाइटच्या पुढे गेले. दहा किलोबाइटच्या बातमीसाठी अडीचशे पट बारदाना! दाण्यापेक्षा पोते जड म्हणतात, इथे एका दाण्याला अख्खा ट्रक आहे. त्या ट्रकात काय असते? जाहिराती, तुम्ही कुठून आलात याची नोंद ठेवणारे हेर, आपोआप सुरू होणारा व्हिडिओ, ‘सूचना हव्यात का’ विचारणारी खिडकी, आणि हे सगळे हलवणारे जावास्क्रिप्ट, जे उतरवून झाल्यावर प्रोसेसरला दळायला बसवते. आमचा २०११ चा प्रोसेसर बातमी वाचताना दमत नाही. तो दुसऱ्याचे दळण दळताना दमतो.

एकदा हे पटले की ब्राउझर निवडण्याचा प्रश्न उलटा होतो. सर्वांत लहान ब्राउझर शोधायचा नाही. पानाचा बारदाना दारातच अडवू देणारा, दोन्ही लिपी नीट लिहिणारा, अर्ज भरणारा आणि अजून सुरक्षेची डागडुजी मिळणारा ब्राउझर शोधायचा. रॅमचा आकडा त्यानंतर बघायचा. या क्रमाने गाळत गेले की माझ्यापुढे उत्तर एकच उरते: फायरफॉक्सची ईएसआर म्हणजे लांब मुदतीची आवृत्ती, आणि तिला जोडलेले यूब्लॉक ओरिजिन. डेबियन लिनक्सवर ही आवृत्ती आयतीच मिळते. तिचा चेहरा मराठीत करता येतो, उर्दूतही करता येतो, आणि ही गोष्ट मी कौतुकाने सांगते, कारण हे भाषांतर कोण्या कंपनीच्या मेहेरबानीने झालेले नाही, फावल्या वेळात शब्दाला शब्द शोधणाऱ्या माणसांनी केले आहे.

क्रोम का नाही? क्रोम वाईट बनवलेला आहे म्हणून नव्हे. पण गुगलची मुख्य कमाई जाहिरातींची आहे, आणि २०२४ पासून त्याने क्रोममधली जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन बंद करायला घेतली, २०२५ मध्ये ते काम पूर्ण केले. त्यात मूळ यूब्लॉक ओरिजिन गेले. त्याचे एक लाइट रूप उरले आहे, त्याची ताकद कमी आहे. जाहिरातीवर जगणाऱ्याच्या घरात जाहिरात अडवणाऱ्याचे पंख कापले जाणार, यात आश्चर्य ते काय? नव्या मशीनवाल्याला याचा फरक फारसा जाणवत नाही. दोन जीबीवाल्याला त्याच अडवणुकीवर जगायचे असते.

ज्यांना करून बघायचे आहे त्यांच्यासाठी आमच्या मशिनांवर काय केले ते सांगते. यूब्लॉकच्या खिडकीत प्रत्येक संकेतस्थळासाठी वेगळी बटणे असतात. बातम्यांच्या पानांवर जावास्क्रिप्ट बंद. बहुतेक बातम्या तरीही दिसतात, उलट जास्त दिसतात, कारण मध्ये येणाऱ्या खिडक्या नाहीशा होतात. ठरावीक आकारापेक्षा मोठी चित्रे आणि व्हिडिओ अडवण्याची सोय आहे, ती चालू. उर्दूच्या जड पानांवर बाहेरून येणारे फॉन्ट बंद. मग पान मशीनमधल्याच फॉन्टमध्ये उघडते, आणि फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये अरबी लिपीसाठी साधा नस्ख निवडून ठेवला की तो मघाचा हिसका जातो. हो, नस्तालीकवर प्रेम करणाऱ्याला पडद्यावर नस्ख बघताना जेवणात मीठ कमी पडल्यासारखे वाटते. निबंध वाचायचा असेल तेव्हा मी नस्तालीक परत लावते, अर्जाच्या वेळी नाही. लांब लेखांसाठी वाचन-दृश्याचे बटण आहे. ते दाबले की फक्त मजकूर उरतो, उजवीकडून डावीकडेही नीट. आणि टॅब तीनच. हा नियम फळ्यावर लिहून ठेवला आहे. मशीन रखडले तर पत्त्याच्या जागी ‘अबाउट:प्रोसेसेस’ असे रोमन अक्षरांत टाइप करायचे, कोणता टॅब रॅम खातो ते नावानिशी दिसते. आमच्या नववीच्या मुली आता गुन्हेगार पकडल्यासारख्या आनंदाने तो टॅब बंद करतात.

व्हिडिओचे वेगळे. यूट्यूब नव्या पद्धतीने दाबलेला व्हिडिओ पाठवते, तो उलगडताना जुना प्रोसेसर घामाघूम होतो. एच-२६४ या जुन्या पद्धतीचाच व्हिडिओ मागणारे एक छोटे एक्स्टेन्शन आहे, एच-२६४-इफाय. त्याने आणि ४८० च्या आकाराने विज्ञानाचा तास निभावतो.

रॅमची गोष्ट मी टाळत नाही. दोन जीबी आज फार कमी आहे. आठ डेस्कटॉपपैकी पाचांना सेकंडहँड बाजारातून आणखी दोन-दोन जीबीची पट्टी मिळाली, एका पट्टीला काही शेकडे रुपये. तेवढ्याने फरक पडतो, आणि त्याला चंद्याची पावती छापावी लागत नाही.

आता माझ्यावर येणारे आक्षेप. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाला मोठा पैसा गुगलकडूनच मिळतो, शोधयंत्राच्या करारातून. खरे आहे. मी कोणाची मुरीद नाही. उद्या तो ब्राउझर बिघडला तर वरच्याच चार कसोट्या लावून दुसरा घेईन. शिवाय हलकेपणा कोणाच्या घरी कायम राहत नाही. २००२ मध्ये मोझिलाचे अगडबंब सॉफ्टवेअर नको म्हणून काही तरुणांनी फक्त ब्राउझर वेगळा काढला, तोच आजचा फायरफॉक्स. २००८ मध्ये क्रोमही सुटसुटीत म्हणूनच आला होता. दुसरा आक्षेप, काही संकेतस्थळे फायरफॉक्सला दारातून हाकलतात, ‘क्रोममध्ये उघडा’ म्हणतात. त्यासाठी क्रोमियम मशीनवर ठेवले आहे, फक्त त्या अर्जापुरते, एकाच टॅबमध्ये. पण हे मुकाट्याने करू नये. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या संकेतस्थळाला एकाच कंपनीच्या ब्राउझरची अट घालण्याचा अधिकार दिला कोणी? ब्रिटिश सरकारची मार्गदर्शिका आपल्या खात्यांना सांगते की पान आधी साध्या एचटीएमएलवर उभे करा, बाकीची सजावट नंतर चढवा, म्हणजे जावास्क्रिप्ट कोलमडले तरी नागरिकाचे काम अडणार नाही. आपल्याकडचा नागरिक तर जास्त जुने मशीन आणि जास्त कमजोर नेट घेऊन येतो. त्याच्यासमोर फिरते बॅनर आणि पळत्या सूचना!

बोट दुसऱ्याकडे दाखवून थांबणे मात्र बरे नाही. आपल्या संस्थांची पाने उघडा. अंजुमनचे पान, मदरशाचे पान, साहित्य संमेलनाचे पान. पहिल्यांदा येते अध्यक्षांचे चार एमबीचे छायाचित्र, कॅमेऱ्यातून निघाले तसेच चढवलेले. मग कव्हर सरकत राहते. मग शिष्यवृत्तीची सूचना, जिच्यासाठी मुलगी आली होती, ती कागदावर छापून, मोबाइलने फोटो काढून, पीडीएफ करून टाकलेली. चार ओळींच्या मजकुरासाठी तीन एमबी. पूर्वी उर्दूवाल्यांची अडचण खरी होती. इनपेजमध्ये बसवलेली नस्तालीक ब्राउझरमध्ये दिसत नसे, म्हणून अख्खे पान चित्र करून टाकावे लागे. मराठी वर्तमानपत्रेही आपापले फॉन्ट घेऊन बसली होती आणि पान फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये दिसे. ते दिवस गेले. युनिकोड आहे, नोटो नस्तालीक फुकट आहे, हार्फबझ फायरफॉक्स आणि क्रोममध्ये बसलेला आहे. तरीही आपण उर्दूचे चित्र काढून टाकतो. ते चित्र शोधयंत्राला सापडत नाही, अंध मुलाच्या वाचनयंत्राला वाचता येत नाही, आणि जुन्या मशीनचा गळा दाबते. आपण वुजूचा नळ वाहता दिसला तर पोराला टोकतो, इस्राफ म्हणतो. तीन एमबीत चार ओळी हा इस्राफ नाही का? पाणी दिसते म्हणून टोचते, दुसऱ्याची रॅम दिसत नाही.

स्मार्ट लॅबचा ठराव सध्या तहकूब आहे. चाचांनी मला एक सत्र दिले आहे. नव्या मशिनांना माझा विरोध नाही, येतील तेव्हा हसून घेईन. विरोध चुकीच्या निदानावर गरिबाच्या खिशातून औषध आणण्याला आहे.

राहिला तो ३२-बिटचा लॅपटॉप. त्याला मी वाचवू शकेन असे म्हणत नाही. फायरफॉक्सने १४५ व्या आवृत्तीपासून लिनक्सवर ३२-बिटची साथ सोडली. जुनी ईएसआर आवृत्ती काही काळ ओढेल, मग तिचीही डागडुजी थांबेल. म्हणून त्याची नेटची तार काढून घेतली आहे आणि फक्त शाळेच्या आतल्या जाळ्याला जोडला आहे. आमच्यातल्या सर्वांत धडधाकट मशीनवर किविक्स नावाचा प्रोग्राम टाकला आहे; त्यात मराठी विकिपीडिया आणि उर्दू विकिपीडिया उतरवून ठेवले आहेत, आणि खोलीतली बाकीची मशिने ब्राउझरमधून ती पाने मागतात. नेट गेले तरी चालते. त्या म्हाताऱ्या लॅपटॉपवर, त्याच फायरफॉक्समध्ये, ज्यात बातमीचे एक पान उघडायला मुली पाण्याचा घोट पिऊन यायच्या, विकिपीडियाचे पान बोट उचलायच्या आत समोर येते. ना जाहिरात, ना हेर. आठवीतल्या एकीने विचारले, ‘आपा, याची रॅम वाढवली का?’ मी तिला दोन्ही पानांचे वजन काढायला सांगितले आहे, शनिवारपर्यंत, वहीत, किलोबाइटमध्ये.